विचारा की! : मळणीयंत्रवाल्यांनी कार कशाला काढल्या?

प्रश्न : सर नमस्कार, आमच्याकडं वडिलांच्या वेळचा बी-२७५ ट्रॅक्टर आहे, अजून चालू कंडिशनमध्ये. परवा कट्ट्यावर मित्र म्हणाला की ट्रॅक्टरवाल्यानं कार काढली असा जगात एकच गडी, लॅम्बोर्गिनी. मी म्हणलं अजून असणारच. हुरडा पार्टीची पैज लागलीय, खरं काय ते सांगा.
– एक वाचक, मोहोळ, जि. सोलापूर

उत्तर : हुरडा मित्राकडनं वसूल करा. लॅम्बोर्गिनीची गोष्ट रील्समुळं पोराटोरांना पाठ झालीय, पण त्याची कार कंपनी निघाली १९६३ ला, आणि अमेरिकेत हा प्रकार त्याच्या पन्नास वर्षं आधीच होऊन गेलेला.

रॅसीन गावची जे. आय. केस कंपनी म्हणजे मूळची मळणीयंत्रवाली. ती १९११ मध्ये कारच्या धंद्यात उतरली आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसला पहिली ५०० मैलांची रेस झाली तर तिथं पण स्वतःच्या गाड्या पळवल्या, मळणीवाले थेट रेसला, बोला आता! इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या शेतीयंत्रवाल्या कंपनीनं तर १९०७ लाच ऑटो बगी नावाची कार काढलेली. दिसायला घोडा सोडलेली बग्गीच, चाकं हीऽ उंच आणि टायर भरीव रबराचे. पावसाळ्यात काळ्या रानातनं बैलगाडी काढलेल्या माणसाला उंच चाक कशाला ते सांगायला नको, तिकडं पण खेड्यातले रस्ते म्हणजे नुसता चिखल.

आता ह्यांनाच का जमलं? कारण फाउंड्री, इंजिन, गिअर, चेन सगळं घरचंच होतं की ओ. पण माझ्या मते त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गावोगावचे डीलर, जे मशीन विकायचे, स्पेअर द्यायचे, आणि उधारी सांभाळायचे. ज्या कंपन्या एक होऊन हार्वेस्टर झाली त्यातली एक मॅकॉर्मिकची, तिचं कापणीयंत्र एकोणिसाव्या शतकातच थोडे पैसे आधी आणि बाकीचे सुगी झाल्यावर अशा बोलीवर विकलं जायचं. महागडं यंत्र हप्त्यानं घ्यायची सवय शेतकऱ्याला कारच्या आधीपासनं होती.

हेन्री फोर्ड पण शेतकऱ्याचंच पोरगं. १८७६ मध्ये वडिलांबरोबर घोडागाडीतनं जाताना त्यानं रस्त्यावर वाफेचं इंजिन बघितलं, मळणीला आणि लाकूड कापायला गावोगाव फिरणारं. मागच्या चाकांना चेन लावलेली, आणि घोडं न जुंपता आपलं आपण चाललेलं. पोरगं गाडीतनं उडी मारून ते चालवणाऱ्याला प्रश्न विचारत बसलं. पुढं त्यानं असली इंजिनं दुरुस्त करायची नोकरी पण केली. आणि गंमत बघा, त्याची मॉडेल टी कार आली तर शेतकऱ्यांनी मागचं चाक जॅकवर उचलून पट्टा लावला आणि तिच्यावर लाकडं कापली, मका सोलला! आपल्याकडं ट्रॅक्टरला पट्टा लावून कडबा कुट्टी चालवतात, तसंच.

पुढं फोर्डच्या स्वस्त गाड्यांपुढं ह्या कंपन्यांचा टिकाव लागला नाही. हार्वेस्टरनं कार लवकरच सोडली आणि ट्रक-ट्रॅक्टर धरले, केसनं पण १९२७ च्या सुमारास कार बंद केली.

आणि हो, तुमच्या बी-२७५ चं राहिलंच. महिंद्रा आधी जीपवाले, नंतर ट्रॅक्टरवाले, म्हणजे बरोब्बर उलटा प्रवास. १९६३ ला त्यांनी ट्रॅक्टरसाठी जी परदेशी कंपनी पार्टनर घेतली ती हीच, ऑटो बगीवाली इंटरनॅशनल हार्वेस्टर, आणि बी-२७५ हे मॉडेल पण तिचंच. मित्राला हुरड्याला बोलवाल तेव्हा ट्रॅक्टर शेजारीच उभा करा.