दुरुस्तीवर बोलायचं तर आधी कलम उघड

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी घटनादुरुस्तीवर लिहिलेल्या तुझ्या भाषणाचा कच्चा खर्डा वाचला. भाषा चांगली आहे, ठसकाही आहे. पण सुरुवातच तू आकडा फेकून केली आहेस: अमेरिकेत 27 घटनादुरुस्त्या, आपल्याकडे 106, म्हणजे आपली राज्यघटना ठिसूळ. याला टाळ्या पडतात, हे खरं. पण समोर कोणी अभ्यास करून आलेला असेल तर तो तुला तिथेच पकडेल.

त्या 106 मध्ये काय काय आहे ते एकदा बघ. लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी वाढवावी लागते. तेवढ्यासाठी सात दुरुस्त्या झाल्या, 8वी त्यातली पहिली आणि 104थी अलीकडची. 1992 च्या 71व्या दुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. 100वी दुरुस्ती बांगलादेशाबरोबरच्या जमिनीच्या अदलाबदलीची. याच यादीत 42वी पण एकच धरलेली आहे, जिने 1976 मध्ये अर्धी घटना उसवून ठेवली होती. उलट 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन भाग होऊन आपला महाराष्ट्र झाला, राज्यांची यादी असलेल्या पहिल्या अनुसूचीचा मजकूर बदलला, आणि तो बदल यादीत कुठेच नाही! कारण अनुच्छेद 4 म्हणतो की असा कायदा अनुच्छेद 368 खालची, म्हणजे रीतसर घटनादुरुस्ती समजायचा नाही. तिथे साधं बहुमत पुरतं. तेव्हा मोजदाद सोडून दे.

प्रक्रियेवर फार वेळ घालवू नकोस, पण ती चुकवूही नकोस. डिसेंबर 2024 मध्ये एकत्रित निवडणुकांचं विधेयक लोकसभेत मांडताना मतदान झालं: बाजूने 269, विरोधात 198. मांडायला एवढं पुरलं. हाच कौल मंजुरीच्या वेळी असता तर विधेयक पडलं असतं, कारण हजर राहून मत देणाऱ्या 467 जणांचे दोन तृतीयांश म्हणजे 312, आणि शिवाय 543 च्या सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत 272. दोन्ही अटी एकाच वेळी, दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे. अडलं तर संयुक्त बैठकीची पळवाटही नाही. काही तरतुदींना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. हे दोन वाक्यांत सांग आणि पुढे जा.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या सहा पानांत सरकारची नियत आहे, विरोधकांचा दुटप्पीपणा आहे, 'घटनेचा आत्मा' चार वेळा आला आहे. दुरुस्तीचा मजकूर एकदाही नाही. मूळ अनुच्छेद एका कागदावर उतरवून घे. विधेयकाने जे गाळलं त्यावर रेघ मार, जे घातलं ते वर लिही आणि मग सलग वाच. बोलायचं ते त्या वाचलेल्यावर.

हे मी का सांगतो, त्याचं उदाहरण आपल्याच दारातलं आहे. 2018 ची 102वी घटनादुरुस्ती. (विधेयक म्हणून तिचा क्रमांक 123 होता. विधेयकाचा आणि दुरुस्तीचा क्रमांक वेगळा असतो, गल्लत करू नकोस.) हिने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला. त्याबरोबर 342अ हा नवा अनुच्छेद आला: सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग कोणते, हे राष्ट्रपती अधिसूचनेने ठरवणार. मग राज्यांच्या याद्यांचं काय? राज्यांचे अधिकार अबाधित राहतील, असं सरकारने तेव्हा सांगितलं. सगळे निर्धास्त झाले. पण तसं सांगणारं एक अक्षर कलमात घातलं गेलं नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने मराठा आरक्षणाचा कायदा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 5 मे 2021 ला निकाल आला. कायदा रद्द होण्यामागे 50 टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा होताच. पण 342अ च्या अर्थावर खंडपीठ 3 विरुद्ध 2 असं फुटलं. न्या. अशोक भूषण आणि न्या. अब्दुल नझीर यांनी संसदेचा हेतू लक्षात घेऊन राज्यांचा अधिकार शाबूत आहे म्हटलं. बाकीच्या तिघांनी म्हटलं की मजकूर स्पष्ट आहे, मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार गेला. झालं! ऑगस्टमध्ये संसदेला 105वी दुरुस्ती करून तो अधिकार परत लिहून द्यावा लागला. लोकसभेत 385 विरुद्ध शून्य, राज्यसभेत 187 विरुद्ध शून्य. म्हणजे ज्या गोष्टीला सभागृहात एकाचाही विरोध नव्हता, ती तीन वर्षांपूर्वी एका परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या ओळीत, मावली असती. मला विचारशील तर 2018 च्या चर्चेतली ही सगळ्यांचीच हयगय होती, सत्ताधाऱ्यांची तशीच विरोधकांचीही.

विरोधात बोलणाऱ्याचा हात नेहमीच रिकामा असतो, असं समजू नकोस. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीच्या वेळी नेहरूंच्या मागे प्रचंड बहुमत होतं, आणि विरोधात श्यामाप्रसाद मुखर्जी, हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखे मूठभर. भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणं वाढवायची होती. मूळ विधेयकात नुसतेच 'निर्बंध' होते. विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे सदस्यांच्या छाननी समितीकडे, गेलं आणि तिथून परत आलं ते 'वाजवी निर्बंध' होऊन. दुरुस्ती मंजूर व्हायची ती झालीच. पण तो निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायला न्यायालयाला जागा मिळाली, ती आजतागायत आहे. म्हणून तुला विरोधाची बाजू मिळाली तर 'हे विधेयक फेटाळा' एवढ्यावर थांबू नकोस. कुठला शब्द बदलला तर तू पाठिंबा देशील ते सांग. संविधान सभेतले लोक हेच करत होते. मसुद्यावर 7,635 सूचना आल्या होत्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि डॉ. आंबेडकरांना त्यांना तोंड द्यावं लागलं.

बाजूने बोलायची वेळ आली तर ह. वि. कामतांची संविधान सभेतली आणीबाणीच्या तरतुदींवरची भाषणं आधी वाच. मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेला हा माणूस वायमार जर्मनीचा दाखला देऊन बजावत होता, आणि सभागृहाला तो जरा अतिच करतोय असं वाटत होतं. पुढे आणीबाणीच्या अनुच्छेद 352 मधल्या 'अंतर्गत अशांतते'च्या आधारावर जून 1975 ची आणीबाणी आली. 1978 च्या 44व्या दुरुस्तीने ते शब्द काढून 'सशस्त्र उठाव' असं घातलं. तेव्हा 'आमचं सरकार याचा गैरवापर करणार नाही' हा युक्तिवाद तुझ्या खर्ड्यात दोनदा आहे, तो दोन्हीकडून काढ. सरकारं बदलतात. तुला न आवडणाऱ्या पक्षाच्या हाती हेच कलम दिलं तरी तू त्याचं समर्थन करशील का, ते बघ. नाही करणार असशील तर परीक्षकांसमोरही करू नकोस.

केशवानंद भारती खटल्याचं काय, असं तू विचारलं आहेस. (संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हा तो निकाल.) 13 न्यायमूर्ती, 7 विरुद्ध 6, 24 एप्रिल 1973, एवढं सांगून 'मूलभूत चौकट' म्हटलं की वाद संपला, असं सगळ्यांना वाटतं. त्यात याचिकाकर्त्याचे वकील नानी पालखीवाला यांच्या विरुद्ध उभे होते ते एच. एम. सीरवाई, महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता, आणि त्यांचं म्हणणं लेचंपेचं नव्हतं: घटना बदलायचा अधिकार निवडून आलेल्यांचा, न्यायाधीशांचा नाही. यावर उत्तर तयार नसेल तर केशवानंदला हात लावू नकोस.

सात मिनिटांत एवढं सगळं बसणार नाही. 102वी आणि 105वी घे, पहिली दुरुस्ती तोंडी लावायला ठेव, बाकी गाळ. 342अ चा मूळ आणि बदललेला मजकूर मात्र शेजारी शेजारी लिहून पाठव. पुढचा खर्डा त्याच्याशिवाय मी वाचणार नाही.

तुझा,
सर