हायब्रिड गाडीचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर आणि बॅटरी असलेल्या, मोटारींविषयी या सदराकडे बरीच पत्रे साठली आहेत. बहुतेकांची शंका एकच आहे: जाहिरातीतला आकडा पुण्याच्या रस्त्यावर टिकतो का? त्यांतील पाच पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि नोकरी खराडीला आहे. जाऊन-येऊन रोजचे ३५ किलोमीटर होतात. वर्षाला गाडी साधारण १२,००० किलोमीटर चालते. सध्याची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी या रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटरच्या वर जात नाही. शोरूममध्ये हायब्रिडचे ॲव्हरेज २७.९७ सांगितले, पण कार्यालयातील सहकाऱ्याला तीच गाडी याच रस्त्यावर २० देते. त्याच मॉडेलच्या साध्या ऑटोमॅटिकपेक्षा ती ऑन-रोड अडीच लाखांनी महाग आहे. हे पैसे वसूल होतील का? आणि २७.९७ हा आकडा येतो कुठून?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी आकड्याविषयी. मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या दोन जुळ्या गाड्यांच्या हायब्रिड आवृत्तीचा हा प्रमाणित आकडा आहे. भारतातील गाड्यांची अशी चाचणी ज्या संस्थांमध्ये होते, त्यांतील सर्वांत परिचित संस्था, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्या घरापासून फार लांब नाही; वेताळ टेकडीच्या तिच्या बाजूला आपण सकाळी फिरायलाही जात असाल. चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाके रोलरवर फिरतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त केला जातो, तो ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, एसी बंद असतो, आणि वेग वाढवण्याची गती इतकी सौम्य असते की कर्वे रस्त्यावर तशी गाडी चालवली तर मागचे सगळे हॉर्न वाजवतील. अशा सौम्य चालीत हायब्रिडची विद्युत मोटर बराच वेळ एकटीच गाडी ओढू शकते, त्यामुळे तिचा आकडा साध्या गाडीच्या आकड्यापेक्षा अधिक फुगतो. हा आकडा खोटा नाही; एकाच मोजपट्टीवर दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे, पण आपला मासिक खर्च त्यावरून काढू नये. सहकाऱ्यांचा २० हा आकडा मला विश्वासार्ह वाटतो, फक्त तो डॅशबोर्डवर पाहिलेला आहे की टाकी फुल्ल करून मोजलेला, हे त्यांना जरूर विचारावे.

आता बचत होते कशी, ते पाहू, कारण ते कळले की ती कुठे होणार नाही हेही आपोआप कळते. माणसांसह सुमारे १,३०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना सिग्नल लाल होतो आणि आपण ब्रेक दाबतो. त्या वेगात साठलेली ऊर्जा सुमारे १२५ किलोज्यूल असते आणि इंजिनाची कार्यक्षमता लक्षात घेता ती मिळवण्यासाठी साधारण १५ मिलिलिटर पेट्रोल जळालेले असते. साध्या गाडीत हे सगळे ब्रेकच्या उष्णतेत जाते. कोथरूड ते खराडी या वाटेवर असे वीस थांबे घडले, तर एका फेरीत ३०० मिलिलिटर पेट्रोल नुसते थांबण्यात संपते. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबताच मोटर जनित्रासारखी फिरू लागते आणि त्या ऊर्जेतील चांगला निम्म्याच्या आसपासचा भाग बॅटरीमार्गे पुन्हा चाकांपर्यंत येतो. त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. सिग्नलला इंजिन बंद असते आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत राहतो. शिवाय इंजिन चालते तेव्हाही ते ॲटकिन्सन पद्धतीचे, म्हणजे ताकद थोडी कमी पण इंधनाचा वापर काटकसरीचा, अशा रचनेचे असते. त्याची कमी पडणारी ताकद मोटर भरून काढते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. शोरूममध्ये ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा ‘माइल्ड हायब्रिड’ या नावाने दाखवतात ती गाडी वेगळी. तिच्यातील छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, गाडी एकटी ओढू शकत नाही, आणि तिचा फायदा थोडाच असतो. वरचे सगळे विवेचन ‘स्ट्राँग हायब्रिड’विषयी आहे.

आता हिशेब. नवी साधी ऑटोमॅटिकही या रस्त्यावर १२ च देईल असे धरू. १२,००० किलोमीटरला तिला १,००० लिटर लागेल आणि हायब्रिडला ६००. वाचलेल्या ४०० लिटरचे, लिटरला १०४ रुपये धरून, ४१,६०० रुपये होतात; म्हणजे अडीच लाख सहा वर्षांत वसूल. गाडी आठ-दहा वर्षे ठेवणार असाल तर मी हायब्रिड घ्या असे म्हणेन. पण हीच १२,००० किलोमीटर धाव बहुतांशी महामार्गावर झाली असती, तर साध्या गाडीने साडेसोळा आणि हायब्रिडने २० दिले असते असे धरल्यास बचत वर्षाला १३,००० रुपयांच्या आसपास राहिली असती आणि तेच अडीच लाख वसूल व्हायला एकोणीस वर्षे लागली असती. गाडी तीच, किंमत तीच. फरक फक्त रस्त्याचा आहे.

आणखी एक सुचवतो, विचारले नसले तरी. वनाज ते रामवाडी मेट्रो आपल्या वाटेवरच आहे आणि रामवाडीपासून खराडी लांब नाही. आठवड्यातून दोन दिवस गाडी घरी ठेवली, तर सध्याच्या गाडीचेही रोजचे जवळजवळ तीन लिटर पेट्रोल वाचेल, आणि त्यासाठी अडीच लाख आधी मोजावे लागणार नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. गाडी मंडईत, दवाखान्यात आणि मुलीकडे जाण्यापुरती लागते. वर्षाला ४,००० किलोमीटरही होत नाहीत. मुलगा म्हणतो, पर्यावरणासाठी हायब्रिड घ्या. काय करावे?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : घेऊ नये. ४,००० किलोमीटरला साधी गाडी १२ ने ३३३ लिटर पिईल आणि हायब्रिड १८ ने २२२. वर्षाची बचत साडेअकरा हजार रुपये. मी १८ धरले, कारण दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हायब्रिडचाही फायदा घटतो. इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत इंजिन चालू राहतेच, आणि ते तापते न तापते तोच आपण मंडईत पोहोचलेले असता. चिरंजीवांची भावना योग्य आहे, पण सुस्थितीतील गाडी इतकी कमी चालत असताना ती बदलून नवी घेणे पर्यावरणाच्याही हिताचे नाही, कारण नवी गाडी घडवण्यातही पोलाद, ॲल्युमिनियम आणि वीज खर्च होतेच.

प्रश्न : माझी हायब्रिड गाडी चिंचवडमध्ये २२ देते, पण मुंबईला गेल्यावर ॲव्हरेज खाली येते. बोरघाट उतरताना ऊर्जा परत मिळते असे ऐकले होते. प्रत्यक्षात घाटात निम्म्यावर आल्यावर पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन मोठ्याने आवाज करू लागते. गाडीत दोष आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोष नाही, आणि त्या आवाजात पेट्रोलही जळत नाही. बोरघाटात आपण सुमारे ५०० मीटर खाली उतरता. प्रवाशांसह गाडीचे वजन १,५०० किलो धरले, तर या उतारात सुमारे दोन युनिट वीज होईल इतकी ऊर्जा मोकळी होते. वाऱ्याचा आणि टायरचा रोध तिच्यातील काही भाग खातो, तरी एक युनिटाहून अधिक उरते. मध्यम आकाराच्या हायब्रिड गाडीची बॅटरी मात्र असते पाऊण युनिटाची, आणि आयुष्य टिकावे म्हणून तिच्यातीलही काही भागच वापरला जातो. अर्ध्या घाटात ती भरते. त्यानंतर येणारी ऊर्जा ठेवायला जागा नसल्याने गाडी इंजिनाला इंधनाविना फिरवते आणि त्याच्या रोधात ती ऊर्जा खर्च करते. म्हणूनच तो आवाज येतो. ब्रेक तापू नयेत यासाठी ही सोय अत्यंत महत्त्वाची आहे. गिअरच्या दांड्यावर ‘बी’, म्हणजे इंजिनाच्या रोधाने वेग आवरणारी जागा, असेल, तर घाटाच्या सुरुवातीलाच ते लावावे आणि सारा भार ब्रेकवर टाकू नये.

द्रुतगती मार्गावर ॲव्हरेज उतरते, त्याचे कारण याहून साधे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने एकसारखे जाताना थांबणेच नसते, त्यामुळे परत मिळवायलाही काही नसते. तिथे वाऱ्याचा रोध हा मुख्य खर्च आणि तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १०० ऐवजी ८० ने गेल्यास हा रोध एकतृतीयांशाहून अधिक कमी होतो. येताना घाट चढण्याचे काम तर जवळजवळ पूर्णपणे इंजिनाचे असते. शहरातील बचत हायब्रिडमुळे होते, पण महामार्गावरची आपल्या उजव्या पायाच्या हाती आहे.

प्रश्न : हायब्रिड शेवटी पेट्रोलच जाळते. मग तिला पर्यावरणस्नेही का म्हणायचे? दुसरीकडे, आपली वीज कोळशाची आहे, म्हणून इलेक्ट्रिक गाडीही तितकीच प्रदूषण करते, असे घरातील मंडळी म्हणतात. खरे काय?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शहरात १२ देणारी गाडी म्हणजे किलोमीटरला सुमारे १९० ग्रॅम, २० देणारी हायब्रिड म्हणजे ११५ ग्रॅम. खनिज तेल काढणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यांचे उत्सर्जन दोन्हींवर आणखी चढते. त्याच आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरला १६ युनिट लागतात असे मानू. देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन होते, तेव्हा किलोमीटरला सुमारे ११२ ग्रॅम. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरही ती साध्या पेट्रोल गाडीच्या खूपच पुढे आहे. हायब्रिडशी मात्र तिची बरोबरी अटीतटीची आहे.

हिशेब इथे थांबत नाही. बॅटरी बनवताना दर युनिट क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हायब्रिडच्या पाऊण युनिटाच्या बॅटरीसाठी हे ओझे पाऊणशे किलोच्या आत राहते, म्हणजे फार तर तीसेक लिटर पेट्रोलइतके, आणि शहरात ते काही आठवड्यांत फिटते. इलेक्ट्रिक गाडीच्या ४० युनिटांच्या बॅटरीसाठी तेच ओझे तीन-चार टनांवर जाऊ शकते. उलट, वीज जसजशी सौर आणि पवन ऊर्जेची होईल, तसतशी आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडी दरवर्षी अधिक स्वच्छ होत जाईल. हायब्रिडच्या नशिबी ही सुधारणा नाही. ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला जातो, त्यांनी हायब्रिडकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही. ज्यांना तो बसवू दिला जात नाही, आणि अशी कुटुंबे पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हायब्रिड ही खरी सुधारणा आहे.

हवेविषयी बोलताना एक गोष्ट विसरू नये असे मला मनापासून वाटते. नळ स्टॉपच्या सिग्नलला हायब्रिडचे इंजिन बंद असते, तेवढ्यापुरता दुचाकीवरच्या माणसाच्या छातीत कमी धूर जातो. इलेक्ट्रिक गाडीचा धूर पुण्यात होतच नाही, पण कोळशाचा धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या लोकांच्या वाट्याला जातो, आणि त्यांची फुप्फुसे आपल्याहून वेगळी नाहीत. टायर झिजून उडणारी धूळ तर तिन्ही गाड्यांची असतेच. ब्रेकची धूळ मात्र हायब्रिड आणि इलेक्ट्रिकमध्ये बरीच घटते.

सरकारी कर पाहिले तर इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४०, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या साध्या पेट्रोल गाडीइतकाच. पेट्रोलचा खप दोन-पंचमांशाने घटवू शकणाऱ्या गाडीला करात काडीचीही वेगळी वागणूक नसावी, हे मला पटत नाही.

प्रश्न : हायब्रिडची बॅटरी काही वर्षांत बाद होते आणि सारी बचत तिच्यातच जाते, हे खरे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : टोयोटा आणि होंडा भारतात हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. टोयोटाची हायब्रिड गाडी प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली, तेव्हापासून हे तंत्र टॅक्सीसारख्या खडतर वापरातही रुळले आहे; बॅटरी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ न देण्याची काळजी गाडीच घेते. आपण घ्यायची काळजी एवढीच की, अनेक हायब्रिड गाड्यांमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवा आतूनच, मागच्या आसनाजवळच्या जाळीतून, घेतली जाते. ती जाळी पिशव्या किंवा चादरींनी झाकू नये आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिचा फिल्टर साफ करून घ्यावा. जुनी हायब्रिड विकत घेत असाल, तर अधिकृत केंद्रात बॅटरीची तपासणी करून त्याचा लेखी अहवाल मागावा, आणि हमी नव्या मालकाच्या नावावर होते का ते व्यवहारापूर्वीच विचारावे.