मैत्रिणीची फेरी शूट करणार आहेस, तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. येत्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत मैत्रिणीची फेरी तू शूट करणार, हे वाचून बरं वाटलं. कॅमेरा कुठला घेऊ, असं विचारलंयस. हातातला मोबाईल पुरे. आधी एवढं ठरव, की व्हिडिओ कौतुकाला हवाय की तिला नि तिच्या प्रशिक्षकाला बघून शिकायला? शिकायला असेल तर पुढचं वाच.

शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या प्रकारात, बहुतेकजण घोडा हवेत गेला की झूम करतात आणि उतरला की मोबाईल पुढच्या अडथळ्याकडे पळवतात. अडथळ्याचा बार पडला की चार पेनल्टी, हे सगळ्यांनाच दिसतं. पण बिघाड बऱ्याचदा आधीच्या वळणावर झालेला असतो. घोडा बाहेर सरकतो, लय तुटते आणि उडीची शेवटची ढांग एकतर अडथळ्याच्या फार जवळ पडते, नाहीतर लांबून. प्रशिक्षकाला नेमकं तेच बघायचं असतं. म्हणून दोन उड्यांमधला, तुला रटाळ वाटणारा भाग सोडू नकोस. घंटा झाली की रेकॉर्डिंग चालूच कर, उडीची वाट बघत बसू नकोस. पहिल्या अडथळ्याकडे ती कुठून वळली, हेही त्यात यायला हवं.

मोबाईल आडवा धर. घोड्याच्या नाकापुढे मोकळी जागा ठेव आणि काहीही झालं तरी खूर कापू नकोस. तिचा चेहरा जवळून घ्यायचा मोह होईल, तो बक्षीस समारंभात पुरवून घे. सेटिंगमध्ये सेकंदाला 60 फ्रेम असतील तर त्याच लाव, म्हणजे नंतर हळू करून बघता येतं. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं. तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! चित्रकार मात्र तोवर ते पुढेमागे ताणलेले रंगवत आले होते. नुसत्या डोळ्यावर विसंबू नये, ते यासाठी.

ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या ठरवून दिलेल्या चाली-हालचालींचा प्रकार, असेल तर उभं राहायची जागा महत्त्वाची. मोठं रिंगण 60 बाय 20 मीटरचं असतं. लांब बाजूने ढांगेची लांबी दिसते, पण मधल्या रेषेवर घोडा सरळ येतोय की वाकडा, ते आखूड बाजूनेच कळतं. दोघं असाल तर दोन्हीकडे उभे राहा.

कठड्यावरून आत वाकू नकोस, फ्लॅश बंद ठेव. चित्रीकरणाला परवानगी आहे ना, हे आयोजकांना विचारून घे. आणि तोंड मिटून शूट कर. "टाच लाव, टाच!" हा तुझाच आवाज नंतर तिला ऐकावा लागतो. व्हिडिओवर गाणं चढवायचं तर वेगळ्या प्रतीवर चढव. मूळ फाइलमधला टापांचा आवाज तिच्या कामाचा आहे: साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, तीन. डोळे मिटून ऐकलं तरी लय कुठे चुकली ते तिला सापडेल.

तुझा,
काका