सोलापूरकडच्या लांडग्या-कोल्ह्याच्या कातड्याला भाव मिळतो का?

अमेरिकेत लोक सापळे लावून फरची कातडी विकतात, मग आपल्याकडच्या लांडग्या-कोल्ह्याला काय भाव, असं तुम्ही विचारलंय. कायद्याचं आधी सांगतो. लांडगा, कोल्हा, खोकड, मुंगूस हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पकडणं, मारणं, कातडं विकणं, सगळाच गुन्हा. म्हणजे भाव असलाच तर चोरीच्या मालाचा.

तसंही आपल्या लांडग्याकडे फरचा व्यापारी ढुंकून बघणार नाही. त्याला हवी असते वरच्या राठ केसांखालची दाट, मऊ लव. ती कडाक्याच्या थंडीत भरते. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मे महिन्यात अंगाची लाही होते. तिथला लांडगा आखूड केसांचा, हडकुळा. इथं तो मारला गेला तो मेंढरांपायी, कातड्यापायी नाही. आणि शिकार म्हटलं की लोक लगेच पारध्यांकडे बोट दाखवतात, तेही चूक. त्यांचे फासे तितर, ससा, हरणासाठी असायचे, पोटासाठी.

अमेरिकेतला भाव तरी कुठं स्थिर आहे? सत्तरच्या दशकाच्या शेवटी रॅकूनची (तिकडचा झुपकेदार शेपटीचा एक प्राणी) चलती होती, ऐंशीचं दशक सरता सरता बाजार बसला. मग महागड्या जॅकेटच्या टोपीला कोयोटच्या (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) फरची झालर लावायची फॅशन आली आणि कोयोट वधारला. कॅनडा गूज या कंपनीने 2021 मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं, तो मोठा गिऱ्हाईकही गेला. सापळेवाल्याचे कष्ट तेच, पेट्रोल उलट महाग.

आपल्याकडे केसांसाठी खरोखर मारला जाणारा प्राणी म्हणजे मुंगूस, तोही कोटासाठी नव्हे, ब्रशसाठी. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, म्हणून हे जवळून माहीत. ऑइल पेंटला तो ब्रश फार चांगला: ताठ, तरी टोक सुटत नाही. एकेका केसावर गडद-फिकट पट्टे असतात. एका मुंगसाचे कामाचे केस निघतात अगदी थोडे, म्हणजे किलोभर मालासाठी किती जीव जात असतील ते बघा. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर धाडी घातल्या, तेव्हापासून दुकानदार जपून असतात. (आमच्या धंद्याची वाट मात्र फ्लेक्सने लावली, मुंगसाने नव्हे.)

आता त्याच रंगाचे पट्टे दिलेले नायलॉनचे ब्रश मिळतात आणि काम चोख देतात. शंका आली तर एक केस जाळून बघा. नायलॉन वितळून गोळी होते. खरा केस चुरचुरतो, राख होते आणि जळक्या केसांचा वास येतो. तसा ब्रश किंवा कातडं कुणी विकताना दिसलं तर वनखात्याचा 1926 नंबर लावा, नाव गुप्त ठेवायला सांगा.