दोन ससे घेऊन परदेशी कायमचं जायचंय, लांबच्या विमानप्रवासात त्यांना कसं न्यावं?

तिकिटाआधी त्या देशाचे नियम बघा. ऑस्ट्रेलियात तर न्यूझीलंड सोडून कुठूनच पाळीव ससा नेता येत नाही. बऱ्याच विमान कंपन्या सशांना केबिनमध्ये घेत नाहीत, कार्गोनेच पाठवावं लागतं. पेटी आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत बसणारी हवी.

खरी काळजी पोटाची. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं कारणच नाही. उलट खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पेटीत भरपूर सुकं गवत कोंबा, पाण्याची वाटी जाळीला घट्ट अडकवा. गुंगीचं औषध नकोच. उकाडाही सोसत नाही, तेव्हा थंड ऋतूतली, शक्यतो थेट फ्लाइट घ्या. पेटीची सवय मात्र आत्तापासूनच लावा.