वाचकांचे प्रश्न : पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

प्रश्न : आमच्या वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या एका मुलाला पहाटे पोटात कळा आल्या. घरच्यांनी अपचन समजून ओवा दिला. पापण्या मिटू लागल्यावर दवाखान्यात नेले, तेव्हा मण्यारचा दंश असल्याचे कळले. खूण दिसत नसेल, तर ओळखावे कसे?

उत्तर : घरच्यांना दोष देता येणार नाही. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचे दात इतके बारीक असतात, की दंशाच्या जागी बहुधा ना सूज दिसते, ना वेदना होते. म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी, गिळताना त्रास किंवा पापण्या जड होणे यांपैकी काहीही जाणवले, तर खूण शोधत न बसता सर्पदंशाची शंका घ्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तोवर रुग्णाला चालवू नये, कुशीवर निजवावे आणि ओवाच काय, पाणीही देऊ नये, कारण गिळण्याचे स्नायू लुळे पडल्यास ते श्वासनलिकेत जाते. दोरी आवळणे, चिरा देणे टाळावे. साप मारून नेण्याची गरज नाही. आपल्याकडील सर्पप्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरही चालते. मात्र श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो, त्यामुळे ती सोय असलेले रुग्णालय जवळ कोणते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे.