लोकेशन देणाऱ्या लेकरास

लेकरा,

परवा तहसीलसमोरच्या टपरीवर तू बसला होतास. कपातल्या चहावर साय धरली होती आणि तुझी नजर फाटकावर होती. साहेबांची गाडी बाहेर पडली तसा तुझा अंगठा फोनवर गेला. मी समोर लिंबाखाली अशिलाची वाट बघत उभा होतो. तू 'लोकेशन' देतोस, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. तुझा मेसेज गेला की गोदापात्रातले वाळूचोरांचे हायवा ट्रक निघून जातात आणि पथक पोचतं तेव्हा नुसते खड्डे उरतात.

तुझे आईबाप मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेत. घरात तू आणि आजी. असं घर या लोकांना बरोबर दिसतं. आधी जुना मोबाईल देतात, मग पेट्रोल, मग त्यांच्या म्होरक्या भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो. काम त्यानंतर येतं. सोबत एक वाक्य येतं, "तू अजून अठराचा नाहीस, तुला काही होत नाही." वकिलीत हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की ते कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं वाटतं.

त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून पोरं फसतात. 18 च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. पण 16 पूर्ण झालेल्या मुलावर खुनासारखा आरोप आला, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तू सतराचा आहेस. वाळूच्या भांडणात एखाद्या रात्री कुणाचा जीव गेला आणि तू तिथं असलास, तर काय होईल याचा विचार कर.

भाऊ जे सांगत नाही ते आता ऐक. बाल न्याय कायदा 2015, कलम 83: मोठ्या माणसानं, एकट्यानं किंवा टोळीनं, लहान मुलाला बेकायदेशीर कामाला वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. कलम 78: गांजा, दारू, नशेच्या बटन गोळ्या पोचवायला मुलाला वापरलं, तरी सात वर्षांपर्यंत. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 95: 18 च्या आतल्या कुणालाही गुन्हा करायला कामाला लावलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त दहा. वर, तो गुन्हा घडलाच तर त्याची शिक्षाही कामाला लावणाऱ्याला, जणू त्यानं स्वतः केला. तुझ्या वयाची ढाल करून तो लपतो, आणि कायदा नेमका त्या वयामुळेच त्याला जास्त पकडतो.

"सोडलं तर मारतील," असं तू आजीला म्हणालास. ती रडत माझ्याकडे आली होती. भीती खरी आहे, मी ती हलकी धरत नाही. पण 1860 च्या दंड संहितेपासून आजच्या न्याय संहितेच्या कलम 32 पर्यंत लोहाराचं एक उदाहरण चालत आलंय. दरोडेखोरांनी धरून आणलेला, तत्काळ मरणाच्या भीतीनं दार फोडून देणारा लोहार माफ होतो. पण त्याच कलमात लिहिलंय, की मारहाणीच्या धमकीनं का होईना, टोळी कशी आहे हे माहीत असून जो तिच्यात सामील झाला, त्याला ती सवलत नाही. मुलांसाठी बाल न्याय कायदा आहेच, तरी त्या भीतीत तू जितके दिवस काढशील तितकं तुझं म्हणणं मांडणं मला अवघड जाईल.

आणि आजीनं सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीनं मला रात्रभर झोप लागली नाही. भाऊनं तुला तुझ्या आतेभावाला आणायला सांगितलंय. तो तेरा वर्षांचा आहे. कलम 95 मध्ये कामाला लावणाऱ्याच्या वयाची अट नाही. आणि जूनमध्ये तू अठराचा झालास की कलम 83 मधला मोठा माणूस तूही होशील. त्या पोराला त्या टपरीवर नेऊ नकोस. बाकी सगळं आपण बघू.

रविवारी सकाळी आजीला घेऊन घरी ये. फोनमधलं काहीही पुसू नकोस. तुला कोण काय सांगत होतं ते त्यातच आहे. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तो मुलांशी गणवेशात बोलत नाही. त्याच्याकडे मी सोबत येईन. मंडळापुढे तुझ्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. त्याआधी रात्री कुणी दारात आलं तर 112 लाव, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098. दोन्ही चोवीस तास चालू असतात. मग मला फोन कर, किती वाजलेत ते बघू नकोस.

तुझा,
वकीलकाका